भिंत भाड्यातच आली

ताई डागांना घाबरत नसे, उलट त्यांचा मान राखायची. बाजारामागच्या लाँड्रीत डाग काढायच्या टेबलावर तिची सगळी उमर गेली होती. समोर कोट येवो की चादर, ती आधी डागाकडे टक लावून बघत बसायची. बाबा रे, तू आलास कुठून, मुरलास किती, तुला पाणी पुरेल की आणखी काही लागेल, एवढी विचारपूस मनातल्या मनात झाल्याशिवाय ती बाटलीचं बूच उघडत नसे. लाँड्रीची मालकीण म्हणायची, "ताई, डाग काढतेस की सोयरीक जुळवतेस?" पण गिऱ्हाईक कपडा उलटापालटा करून "अहो, डाग होता तरी कुठे?" असं विचारायला लागलं, की तीच मालकीण काउंटरवर अशा ऐटीत उभी राहायची, जणू डाग तिनेच काढलाय.

अशा या बाईला एका भिंतीने हात टेकायला लावले.

भिंत होती भाड्याच्या घरातली. तिसऱ्या मजल्यावरचं घर. दारातून आत शिरलं की थेट स्वयंपाकघरापर्यंत जाणारा लांबलचक पॅसेज, खिडकी एकच आणि तीही पार टोकाला. दिवस मावळला की तिथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. वडिलांनी हे घर घेतलं तेव्हा ताई दोन वेण्या घालून शाळेत जात होती आणि धाकटा भाऊ रांगत होता. पुढे आई-वडील एकामागून एक गेले आणि घरात ही दोघं भावंडं उरली. धाकट्याचं लाडाचं नाव सोन्या. चाळिशी उलटली, टक्कल पडलं, तरी सोन्याच.

सोन्या जन्मापासून आंधळा. वीज कंपनीच्या तक्रार खात्यात तो फोनवर बसायचा. लाइट गेली म्हणून तणतणणाऱ्या लोकांना शांत करणं हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. "काल एक बाई अगदी रडकुंडीला आली होती," तो जेवताना सांगायचा. "म्हणे काहीच दिसत नाही हो, आता मी करू काय? म्हटलं बाई, घाबरू नका, भिंतीला हात लावा आणि सावकाश चाला. मी रोज तेच करतो." मग स्वतःच्याच विनोदावर तो इतका हसायचा की पुढचा तुटका दात दिसायचा.

त्या दाताचीही एक गोष्ट आहे. सोन्या नुकता शाळेत जायला लागला होता. खालच्या मजल्यावर राहणारे घरमालक भाडं घ्यायला वर आले आणि त्यांनी त्याला पॅसेजमध्ये पकडलं. "काय रे, भिंतीला हात लावत चालतोस? आत्ताच रंग काढलाय, घाण केलीस ना सगळी!" मालक मनाने वाईट नव्हते, पण भिंतींवर त्यांचा पोटच्या पोरांसारखा जीव. सोन्याने ते इतकं मनाला लावून घेतलं, की दुसऱ्या दिवसापासून दोन्ही हात चड्डीच्या खिशात घालून घरात फिरायला लागला, आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर असा आदळला की दात अर्धा गेला. संध्याकाळी वडील कामावरून आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. पोराचा हात खिशातून काढला, भिंतीवर टेकवला आणि म्हणाले, "हे बघ, भिंत भाड्यातच आली. जमीन आली, छप्पर आलं, तशी भिंतही आली. लाव हात."

ताईने ते दारात उभं राहून ऐकलं होतं. वाक्य तिला पाठ होतं. पण पाठ असलेल्या गोष्टीच ऐन वेळी आठवत नाहीत, आणि ताईचं तर विसरण्यात नावच होतं.

ते नाव झालं दिव्यापायी. संध्याकाळी ती लाँड्रीतून थकूनभागून यायची. सोन्या तिच्याआधी येऊन आत रेडिओ ऐकत बसलेला असायचा. दार उघडावं तर पॅसेजमधला दिवा चालू.

"अरे देवा! सकाळी बंद करायला विसरलेच पुन्हा. सोन्या, दिवसभर जळत होता का रे हा?"

"मला विचारतेस?" आतून आवाज यायचा. "बदाम खा, बदाम."

तिने खरोखरच बदाम खाल्ले. दाराला आतून चिठ्ठी चिकटवली. रुमालाला गाठ मारून पाहिली, पण बसमध्ये गाठ दिसली की ती कशासाठी मारली तेच आठवेना. शेवटी तिने स्वतःला विसरभोळी म्हणून माफ करून टाकलं.

सगळं असंच चाललं असतं, पण सोन्याचं ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलं. सकाळी ताई त्याला दोन बस बदलून पोचवायची, संध्याकाळी कुणीतरी सहकारी आणून सोडायचा. कुणाची तरी वाट बघत बसणं सोन्याच्या जिवावर यायचं. आणि मग त्या नव्या ऑफिसच्याच रस्त्यावर एक घर रिकामं असल्याचं कळलं. तळमजला. दारातून बाहेर पडून उजवीकडे वळलं, की थेट ऑफिसच्या फाटकापर्यंत एकच सलग कुंपणाची भिंत. घर बघायला गेले त्या दिवशी सोन्या म्हणाला, "ताई, तू इथेच थांब." भिंतीला हात लावून तो गेला. बराच वेळ गेला. मग दुरून तो येताना दिसला, ताठ, काठी बगलेत, चेहरा उजळलेला. "जाऊन आलो," तो म्हणाला. "एकटा. फाटकावरच्या वॉचमनला नमस्कारही केला." आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाचाही हात न धरता कामावर जाणार होता. त्या नव्या घराला डिपॉझिट लागणार होतं, आणि भावंडांकडे डिपॉझिट म्हणून जे काही होतं ते वडिलांनी जुन्या घरमालकांकडे ठेवलेलं. नवीन मालकाने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं. त्यानंतर घर दुसऱ्याला.

जुनं घर रिकामं करताना पॅसेजमधलं कपाट निघालं, पडदा निघाला, टोकाच्या खिडकीतून उन्हाचा झोत आत आला आणि ताईला भिंतीवरचा पट्टा दिसला. उजव्या हाताची भिंत, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, कमरेच्या जरा वर, काळपट, चकचकीत. शर्टाच्या कॉलरला मळ धरतो तसा. इतकी वर्षं ती त्याच्या शेजारून ये-जा करत होती आणि तिला तो दिसला नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे एकदम तो खिशात हात घातलेला पोरगा उभा राहिला. मालक हे बघणार, बोलणार, आणि सोन्या ऐकणार. हे काही होता कामा नये, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

रविवारी सोन्याची ड्यूटी होती. ताईने लाँड्रीतून बाटल्या आणल्या, भिंत घासली, पुसली, आणि वर रंगाचे दोन हात मारले. भिंत दुधासारखी पांढरी झाली. संध्याकाळी सोन्याने आत पाऊल टाकलं, भिंतीला बोटं लावली आणि थबकला.

"ताई, भिंत गार का लागतेय?"

"रंग दिला. पुढच्या माणसाला बरं वाटेल."

"सगळीकडे दिला?"

"सगळीकडे," ताई म्हणाली आणि बादली उचलून मोरीकडे गेली. खोटं बोलताना तिला नेहमी काहीतरी उचलावं लागायचं.

किल्ल्या दिल्या. मालक म्हणाले, "एकदा नीट बघतो आणि पैसे देतो." भावंडं सामानसुमान घेऊन मावसबहिणीच्या घरी महिनाभरासाठी गेली. त्या घरात कोपऱ्याकोपऱ्यात स्टुलं आणि कुंड्या. सोन्याच्या नडग्यांवर वळ उठले.

मग मालकांचा फोन आला. भिंतीतून ओल वर आलीय, तुमच्या मोरीचं पाणी मुरलंय, आणि ते लपवायला तुम्ही गुपचूप रंग फासलात. प्लॅस्टर सगळं उतरवावं लागेल. डिपॉझिट विसरा, उलट तुम्हीच काही देणं लागाल.

ओल असूच शकत नाही, असं म्हणून ताई तशीच उठून गेली. मालकांनी दार उघडून दिलं आणि ती पॅसेजमध्ये उभी राहिली. पट्टा परत आला होता. रंगाचे दोन्ही हात आतून भेदून, आधी होता त्याहून स्पष्ट, मधासारख्या पिवळट रंगाचा पट्टा दारापासून निघून शांतपणे स्वयंपाकघराकडे गेला होता. तिच्या हाताखालून शाई गेली, रक्त गेलं, गंज गेला. हे गेलं नव्हतं. तिने बाटल्या ओतून जे वर आलं होतं ते पुसलं, पण जे भिंतीच्या पोटात मुरलं होतं ते तिथेच होतं आणि ओल्या रंगाने त्याला बाहेर बोलावलं. डागाचा असा मोठेपणा तिने आजवर पाहिला नव्हता. तिने नकळत हात जोडले.

"काय, बोला आता," मालक म्हणाले. "ओल नाही म्हणता ना? मग काय आहे हे?"

सांगणं सोपं होतं. माझ्या भावाचा हात आहे. पण ते इथे बोललं की उद्या फोनवर बोललं जाणार, परवा ऑफिसात, आणि फिरून ते सोन्याच्या कानावर जाणार की डिपॉझिट तुझ्या हातांनी बुडवलं, नवीन घर तुझ्या हातांनी गेलं. "माहीत नाही, काका," ताई म्हणाली. मालकांनी तिच्याकडे असं बघितलं, की ती जिना उतरेपर्यंत तिचे कान तापले होते.

घरी येऊन तिने सांगितलं की भिंतीला ओल आलीय, पैसे मिळणार नाहीत, जाऊ दे. सोन्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने फोन मागितला.

"कुणाला करतोस?"

"भाड्याच्या तंट्यांचं सरकारी ऑफिस आहे ना, त्यांना. तक्रार कशी करायची ते मला नको का ठाऊक? जन्म गेला ऐकण्यात."

ताईने हातापाया पडून बघितलं, पण फोन लागला होता. तक्रार नोंदवणाऱ्याला सोन्याने इतकं हसवलं की तपासणीची तारीख महिनाअखेरच्या आतली मिळाली.

ठरल्या तारखेला दुपारी तपासनीसबाई जुन्या घरी आल्या. ठेंगण्या, सर्दीने नाक लाल झालेल्या, हातात बॅटरी. तीन जिने चढून त्यांना धाप लागली होती. मालक स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. सोन्या आणि ताई दाराशीच थांबले.

"घरमालकांनी नुकसान म्हटलंय, तेव्हा ते दाखवायचं आणि पटवायचं काम त्यांचं," बाई म्हणाल्या. "रोजच्या राहण्याने जी झीज होते ती मालकाने सोसायची. निष्काळजीपणाने जे मोडलं, बिघडलं, ते भाडेकरूने भरायचं. मला फक्त हे कुठल्या खात्यात जातं ते बघायचंय. दाखवा."

मालकांनी भिंत दाखवली. बाईंनी बॅटरी लावली, आणि त्यांची शिंक येता येता राहिली. आता पट्टा आणखी वर आला होता. बॅटरीच्या तिरप्या उजेडात आणखीही काहीतरी दिसत होतं. त्या मोठ्या पट्ट्याखाली एक फिकट पट्टा होता, त्याखाली त्याहून फिकट, असे एकाखाली एक, पार गुडघ्याच्या थोडं वरपर्यंत. बाई हळूहळू उकिडव्या बसल्या. भिंतीला हात लावला, बोटं एकमेकांवर चोळून बघितली.

"कोरडी आहे," त्या म्हणाल्या. "ओल या मधल्या दाराच्या चौकटीपाशी थांबून पलीकडे त्याच उंचीवर परत सुरू होत नाही. हे काय आहे, ताई?"

ताईने मान खाली घातली. आता बोललं तर सोन्या ऐकणार, नाही बोललं तर घर जाणार. तिने उचलायला काहीतरी शोधलं, पण रिकाम्या घरात उचलायलाही काही नव्हतं.

"माझा हात आहे तो," सोन्या म्हणाला.

सगळे वळले. सोन्याने काठी ताईच्या हातात दिली. "ताई, तू त्या दिवशी फक्त उजवीकडची भिंत रंगवलीस. समोरच्या भिंतीवर जुनी धूळ तशीच होती. मला काय कळत नाही? म्हटलं, तुला सांगायचं नाहीये तर नको सांगू. पण पैसे बुडतायत म्हटल्यावर मी कसा गप्प बसू?"

तो आत आला. त्याने हात उचलला, आणि न चाचपडता, न शोधता तो हात पट्ट्यावर जाऊन बसला. जसा आपला हात आपल्या खिशात जातो तसा. मग तो चालायला लागला. बोटं पट्ट्याच्या आतून सरकत होती, वर नाही की खाली नाही. वाटेतल्या कोठीच्या खोलीच्या चौकटीपाशी हात उचलला, पलीकडे टेकला, तिथेही पट्टा त्याची वाट बघत होता. टोकाच्या खिडकीचं ऊन त्याच्या टकलावर पडलं होतं. स्वयंपाकघराशी पोचून तो वळला आणि डाव्या हाताने त्याच वाटेने परत आला.

तपासनीसबाई अजून खालीच बसल्या होत्या. त्यांनी सगळ्यांत खालच्या, जवळजवळ न दिसणाऱ्या पट्ट्याला बोट लावलं. "म्हणजे हा पोरवयातला," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. मग एकेक पट्टा मोजल्यासारखं त्यांचं बोट वर सरकत गेलं. ताई बघत राहिली. शाळेत जाणारा सोन्या, आवाज फुटलेला सोन्या, पहिल्या पगाराचा सोन्या, सगळे त्या भिंतीवर एकावर एक उभे होते. ती आयुष्यभर डाग बघत आली होती, पण आख्खा माणूस डागात मावलेला तिने पहिल्यांदा पाहिला.

"मालक, शेवटचा रंग कधी काढला होता तुम्ही?" बाईंनी विचारलं.

मालकांनी सोन्याच्या तुटक्या दाताकडे बघितलं आणि नजर फिरवली. "तो शाळेत जायला लागला त्या साली," ते पुटपुटले. पण एवढ्यावर हार मानणारा माणूस नव्हता तो. ते दाराकडे गेले आणि बोट दाखवलं. "हे हाताचं म्हणता ना? बरं, मानलं. मग हे कुणाचं?"

दाराशेजारी, पट्ट्यापासून वेगळा, खांद्याच्या उंचीवर एक डाग होता. थाळीएवढा गोल, आणि साऱ्या भिंतीवर त्याच्याइतका गडद दुसरा डाग नव्हता. डागाच्या मधोमध पॅसेजच्या दिव्याचं बटण.

"आंधळ्या माणसाला दिव्याच्या बटणाशी काय काम?" मालक म्हणाले. "हा तरी त्याचा नाही. बटणामागे पाणी उतरलंय, वायर खराब झालीय. वापराची झीज म्हणे!"

तपासनीसबाईंनी ताईकडे बघितलं. ताईचा हात लागून झाला असेल, असं त्यांना वाटलं असावं. पण ताई सकाळी एकदा बटण दाबायची, तेही विसरायची. इतका मुरलेला डाग पडायला रोज हात लागायला हवा, तोही शोधत येणारा, बटणाच्या भोवती फिरून मग बटण सापडणारा. तिने सोन्याकडे बघितलं. सोन्याचे कान लाल झाले होते.

"सोन्या?"

"मी शपथ घेतलीय," सोन्या म्हणाला.

"कसली शपथ?"

"तूच घातली होतीस. लहानपणी लाइट गेली की तू माझा हात घट्ट धरायचीस आणि मी तुला स्वयंपाकघरात आईकडे न्यायचो. तुझा हात लटलट कापायचा. तू म्हणालीस, मी अंधाराला घाबरते हे कुणाला सांगायचं नाही, सांगितलंस तर बघ. आता सरकारी माणूस विचारतोय म्हणून सांगतो. आई होती तोवर आई दिवा लावायची. आई गेल्यावर तू पहिल्या दिवशी कामावरून आलीस, दार उघडलंस, आणि कितीतरी वेळ आत पाऊलच टाकलं नाहीस. मला ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवसापासून तू यायच्या वेळेला मी लावून ठेवायला लागलो."

"आणि मी बदाम खाल्ले!" ताई ओरडली. तिला रडायचं होतं, पण आधी तेच तोंडातून निघालं.

"बदाम चांगलेच असतात," सोन्या म्हणाला.

तपासनीसबाई हसल्या नाहीत. त्यांनी बॅटरी विझवली. पॅसेजमध्ये खिडकीचा उजेड तेवढा उरला आणि त्यात तो गोल डाग आणि तो लांब पट्टा दोन्ही दिसत राहिले. ज्या दिव्याचा त्याला काडीचा उपयोग नव्हता, तो त्याने रोज शोधून लावला होता. ताई भिंतीला टेकून उभी राहिली. लाँड्रीतून येताना जिन्यातच तिची छाती धडधडायला लागायची, आणि दार उघडून उजेड दिसला की जीव भांड्यात पडायचा. तो उजेड आपल्या विसरण्यातून आला असं ती समजत होती, आणि त्या विसरण्याबद्दल देवाचे आभारही मानत होती. तो उजेड कुणीतरी तिच्यासाठी लावत होतं.

"पण बाई," मालक म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "साधा वापर म्हणजे चार लोक करतात तो ना? सगळे भाडेकरू काही भिंत धरून चालत नाहीत."

"साधा वापर म्हणजे त्या घरात राहणाऱ्याला राहायला जे लागतं ते," तपासनीसबाई म्हणाल्या. "डोळस माणूस दिवा लावतो, हे भिंत धरतात. तुम्ही घर दिलंत तेव्हा भिंतीसकट दिलंत. आणि रंग काढायचा होता तो तुम्ही. ताई, तुम्हीही हा खटाटोप करायला नको होता. घर सोडताना भिंत नवी करून देणं भाडेकरूकडे नसतं. तुम्ही लपवायला गेलात म्हणून त्यांना संशय आला." त्या खिडकीशी गेल्या आणि तिथेच उभ्याने निर्णय लिहिला. वापराची झीज. डिपॉझिट पूर्ण परत, आठवडा उलटायच्या आत.

ताईला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपण आनंदाने उडी मारू. पण तिला एवढंच आठवलं की हे सगळं वडिलांनी कधीच सांगून ठेवलं होतं, पोराचा हात भिंतीवर टेकवून.

मालक बटणासमोर जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "सोन्या, तेव्हा मी तुला फार बोललो होतो रे."

"कधी?" सोन्या म्हणाला. त्याला चांगलं आठवत होतं, हे ताईला त्याच्या ओठांवरून कळलं. "काका, डिपॉझिटचं तेवढं लवकर बघा. महिना संपत आलाय."

मालकांनी दुसऱ्याच दिवशी दिलं.

नवीन घर लहान होतं, पण त्याचा पॅसेज आखूड आणि भिंती पांढऱ्याशुभ्र. पहिल्या सोमवारी सकाळी ताई घराच्या दारात उभी राहून बघत होती. सोन्या उजवीकडे वळला, हात भिंतीला लागला आणि तो गेला. एकदाही मागे वळला नाही. वळून बघण्याची त्याला सवयच नव्हती, पण ताईला ते उगाच लागलं आणि मग उगाच हसू आलं.

आता उशीर ताईला व्हायचा. दोन बस तिच्या वाट्याला आल्या होत्या. थंडीचे दिवस आले, ती पोचायची तोवर रस्त्यावर अंधार पडलेला असायचा. एका संध्याकाळी तिने कुलपात किल्ली फिरवली, दार ढकललं. पॅसेजमध्ये दिवा लागलेला होता.

"अरे देवा!" ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली. "सकाळी बंद करायला विसरले की काय?"

आतला रेडिओ बारीक झाला.

"मला विचारतेस?" सोन्या म्हणाला. "बदाम खा, बदाम."

ताई बटणासमोर थांबली. पांढऱ्या भिंतीवर बटणाभोवती एक सावलीसारखी छटा धरायला लागली होती. ताज्या डागाला फार लाड लागत नाहीत, ओल्या फडक्याच्या एका फटक्यात तो निघाला असता. ताईने चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली आणि रात्री जेवायला काय करायचं ते विचारायला आत गेली.